अनुराधपूर नीट बघायचंय? तिकिटापासून मिहिंतलेच्या पायऱ्यांपर्यंत सगळं

श्रीलंकेचं पॅकेज घेतलं की आपल्याकडचे बरेच टूरवाले कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा असं फिरवतात आणि अनुराधपूर एकतर गाळतात नाहीतर भर दुपारी दोन-तीन तासात उरकतात. बोधिवृक्षाला नमस्कार, पांढऱ्या स्तूपासमोर ग्रुप फोटो, की बसमध्ये बसा. अहो, १,३०० वर्षांहून जास्त काळ जे गाव राजधानी होतं (मधे कश्यप राजाने सिगिरियाला गादी हलवली ती अठराएक वर्षं सोडा), त्याला दोन तास म्हणजे थट्टाच. म्हणून हा लेख, जरा लांबलाय, पण स्वतःच्या हिंमतीवर जाणाऱ्याला यातून अख्खा प्लॅन करता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथं दोन गावं एकात एक आहेत. एक उद्ध्वस्त: जंगलातले विटांचे पाये, खांब, तळी, जिथं सकाळी माकडं सोडून कुणी नसतं. दुसरं एकदम जिवंत: बोधिवृक्ष, रुवन्वेलिसाय आणि थुपाराम हे स्तूप, जिथं आजही पांढऱ्या कपड्यातली माणसं कमळं घेऊन येतात. दोन्ही एकाच वेळी एकाच मूडमध्ये बघायला गेलात तर दोन्ही हातचे जातात. म्हणून क्रम असा ठेवायचा: सकाळी भग्न शहर, दुपारी सावली आणि म्युझियम, संध्याकाळी जिवंत शहर. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडचा भाग आणि मिहिंतलेचा डोंगर. बाकी सगळं तपशील.

कधी जायचं

हा लंकेचा कोरडा पट्टा. पाऊस इथं मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, त्यामुळे आपल्याकडचा पावसाळा बघून घाबरू नका, जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत धो धो चालू असताना अनुराधपूर खडखडीत कोरडं असतं. पण ऊन भयंकर. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा.

पौर्णिमा बघून तारीख ठरवा. दर पौर्णिमेला तिथं पोया असतो, सरकारी सुट्टी, दारू आणि मांसविक्री बंद. जूनची पौर्णिमा म्हणजे पोसोन, अशोकाचा मुलगा महिंद याच दिवशी मिहिंतलेला आला असं महावंस म्हणजे लंकेचा जुना पाली इतिहासग्रंथ सांगतो, त्यामुळे त्या दिवसात लाखो लोक येतात, रस्त्यारस्त्यावर दंसल म्हणजे फुकट जेवणाचे मांडव लागतात. श्रद्धेने जाणार असाल तर हाच दिवस, अवशेष बघायला जाणार असाल तर हा दिवस सोडून कुठलाही. हॉटेलं तेव्हा महिनोन्महिने आधी भरतात हेही आहेच.

पोचायचं कसं

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास. ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधी काढायची, फी आणि नियम सारखे बदलतात तेव्हा सरकारी वेबसाइटच बघा, सारख्या नावाच्या एजंटांच्या साइट्स खूप आहेत आणि त्या जास्तीचे पैसे लावतात.

आता मुख्य टीप. एअरपोर्ट कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, शहराच्या उत्तरेला, आणि अनुराधपूरही उत्तरेलाच. म्हणजे कोलंबोत जाऊन ट्रॅफिकमध्ये अडकून परत त्याच रस्त्याने वर यायचं काही कारण नाही, सरळ नेगोंबोला एक रात्र काढा आणि सकाळी पुत्तलमवरून किंवा कुरुनेगलावरून निघा, चारेक तासाचा रस्ता. गाडी तिथंही डाव्या बाजूनेच चालते. ट्रेनने जायचं असेल तर मात्र कोलंबो फोर्ट स्टेशन, जाफन्याकडे जाणाऱ्या गाड्या अनुराधपूरवरून जातात, तिकीट आधी काढलेलं बरं. आणि बसने गेलात तर लक्षात ठेवा, गावात जुना आणि नवा असे दोन बसस्टँड आहेत, हॉटेल कुठल्याजवळ ते विचारून घ्या.

राहायला नवीन गावात नुवर वेवाच्या बाजूला किंवा तिस्स वेवाच्या बाजूला घरगुती गेस्टहाउसेस भरपूर. (वेवा म्हणजे तलाव, हा शब्द आता पन्नास वेळा येणार.) मी म्हणेन फाइव्ह स्टारच्या मागे लागू नका, घरगुती ठिकाणी मालकीणबाई सकाळी साडेपाचला डबा भरून देते आणि सायकलही तिथंच मिळते.

तिकीट, कपडे, पाय

अवशेषांचं मुख्य तिकीट परदेशी माणसाला डॉलरच्या भावाने असतं, महागडं वाटतं, पण सार्क देशांच्या पासपोर्टला वेगळा कमी दर आहे. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा आणि काउंटरवर स्वतःहून "इंडियन, सार्क" म्हणा. हे तिकीट अभयगिरी, जेतवन, म्युझियम वगैरे भागात तपासतात, फाटेपर्यंत सांभाळा. बोधिवृक्ष आणि इसुरुमुनिया या खडकातल्या विहाराचे पैसे वेगळे, मिहिंतलेचं तर सगळंच वेगळं.

कपडे पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकलेले, हे बायकापुरुष दोघांना. हाफ पँटवाल्यांना गेटवरून परत पाठवतात किंवा लुंगी गुंडाळायला देतात. स्तूपाच्या आवारात चप्पल आणि टोपी दोन्ही काढायची, आणि खरी परीक्षा इथंच आहे, दुपारी बाराला त्या दगडी फरशीवर अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. जाड सुती मोजे घ्या, चालतात, कुणी काही म्हणत नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, तिथं ते खरंच अपमानास्पद मानतात, आणि अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर पूर्ण झाका, यावरून परदेशी पाहुण्यांना देशाबाहेर काढल्याच्या घटना घडल्यात. ड्रोन घरीच ठेवा.

पहिली सकाळ: अभयगिरी

उजाडता उजाडता निघा. सायकल चालवता येत असेल तर सायकलच, रस्ते सपाट आहेत, झाडी आहे. वयस्कर मंडळी असतील तर टुकटुक दिवसभरासाठी ठरवा, पण भाव आधी ठरवा आणि ठिकाणांची नावं कागदावर लिहून द्या, नाहीतर तो तीन स्तूप आणि एक मसाल्याचं दुकान दाखवून मोकळा होतो.

अभयगिरी हा उत्तरेकडचा भाग. इ.स.पू. पहिल्या शतकात वळगंबा राजाने हा विहार काढला आणि पुढे तो महाविहाराचा, म्हणजे इथल्या जुन्या थेरवादी मठाचा, मोठा प्रतिस्पर्धी झाला, महायानाचे विचार इथं खुशाल शिकवले जायचे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान लंकेत दोन वर्षं राहिला, त्याने इथं ५,००० भिक्खू असल्याचं लिहिलंय. त्याचाच एक प्रसंग: देश सोडून कित्येक वर्षं झालेली, सोबतचे कुणी मेले कुणी मागे राहिले, आणि एका मूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा दिसला आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

इथं काय काय बघायचं ते माझ्या क्रमाने सांगते.

आधी कुट्टम पोकुण, जुळी तळी. एक २८ मीटर लांब, दुसरं ४०. सगळे पायऱ्यांचे फोटो काढतात आणि निघतात, तुम्ही उत्तरेच्या टोकाला जा. तिथं जमिनीत एक छोटा दगडी हौद दिसेल, पाणी आधी त्यात यायचं, गाळ खाली बसायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी दगडी मकराच्या तोंडातून तळ्यात पडायचं. शेजारी पाच फण्यांचा नाग कोरलाय, पाण्याचा रखवालदार. म्हणजे भिक्खूंच्या आंघोळीच्या पाण्याला फिल्टर, हजारेक वर्षांपूर्वी. आमच्या सोसायटीच्या टाकीला अजून नाही.

मग समाधी बुद्ध. दोनेक मीटर उंचीची बैठी मूर्ती, साधी, काहीच अलंकार नाही, वर आता शेड घातलीय ती जरा डोळ्यात खुपते. नेहरू इथं येऊन गेले होते, पुढे डेहराडूनच्या तुरुंगात असताना लंकेतल्या मित्राने याच मूर्तीचा फोटो पाठवला आणि तो त्यांनी कोठडीतल्या छोट्या टेबलावर ठेवला होता, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. मूर्तीच्या एका बाजूने हळूहळू दुसऱ्या बाजूला चालत जा, चेहऱ्यावरचे भाव बदलतात असं लोक म्हणतात, ऊन तिरपं असताना मला ते पटलं.

तिथून चंद्रशिळा, सिंहलीत संदकड पहण. 'महासेनाचा राजवाडा' असा बोर्ड आहे पण तो राजवाडा नाही, भिक्खूंची निवासवास्तू आहे. पायरीच्या आधी जमिनीत बसवलेला अर्धगोल दगड, आता भोवती कठडा आहे. घाई न करता बाहेरून आत वाचत जा: पहिली ज्वाळांची पट्टी, मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागे एक पळताहेत, मग वेलीची नक्षी, मग चोचीत फुलंपानं धरलेले हंस, आणि मध्ये अर्धं कमळ. संसाराच्या आगीतून जन्ममरणाचा फेरा, तृष्णेची वेल, आणि शेवटी निर्वाण, असा अर्थ सांगतात. हत्तींकडे जरा वाकून बघा, प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडलंय. पुढे पोलोन्नरुवाला गेलात तर तिथल्या चंद्रशिळेवर बैल शोधा, सापडायचा नाही, चोळांच्या राजवटीनंतर नंदीवर पाय कसा द्यायचा म्हणून तो गाळला असं मानतात.

जवळच रत्नप्रासादाचा द्वारपाल दगड आहे, नागराजाचा, सगळ्या लंकेत याच्या तोडीचा दुसरा नाही. भोजनशाळेत भाताची दगडी डोणी आहे, लांबी बघूनच किती माणसं जेवत असतील कळतं. आणि एत पोकुण, हत्तीतळं, दीडशे मीटरच्या वर लांब, पावसाळ्यानंतर गेलात तर अजून भरलेलं दिसतं कारण जमिनीखालचे जुने पाट अजून चालतात. शेवटी अभयगिरीचा स्तूप, इथं चप्पल काढून एक प्रदक्षिणा. एवढ्यात साडेदहा होतात.

माकडांपासून सावध. लंगूर सभ्य असतात, लालसर तोंडाची रिळवा माकडं नाहीत. फुलांची पिशवी, केळी, पाण्याची बाटली, काही चालतं त्यांना.

उन्हाची वेळ

अकरा ते साडेतीन उघड्यावर फिरायचा हट्ट करू नका. थंबिली म्हणजे तांबूस-पिवळा शहाळा प्या, आणि म्युझियम गाठा. पुराणवस्तू म्युझियममध्ये एक भन्नाट गोष्ट आहे: मुतारीचे दगड. हसू नका. शहराच्या पश्चिमेला पांसुकूलिक भिक्खूंचे विहार होते, चिंध्या पांघरणारे, मूर्ती नको, नक्षी नको म्हणणारे कडक लोक. त्यांच्या अख्ख्या विहारात कुठं कोरीवकाम नाही, फक्त मुतारीचा दगड तेवढा बारीक नक्षीने भरलेला, त्यावर श्रीमंत विहारांसारखे प्रासाद कोरलेले. राजाश्रयावर गलेलठ्ठ झालेल्या मठांबद्दल त्यांचं काय मत होतं ते रोज तीनचार वेळा व्यक्त व्हायचं! हा अर्थ अभ्यासकांनी लावलाय, पण दगड बघितल्यावर दुसरा सुचत नाही.

जेतवनही याच वेळेत बसतं कारण त्याचं छोटं म्युझियम सावलीत आहे, मणी, दागिने, चिनी भांड्यांचे तुकडे, बंदरातून काय काय यायचं ते कळतं. स्तूप स्वतः महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या शेवटी सुरू केला, मूळ उंची १२२ मीटर, तेव्हा जगात याच्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड. आज ७१ मीटर उरलाय. विटा नऊ कोटींच्या वर. पांढरा रंग दिलेला नाही, ते बरंच केलंय, नुसत्या विटांचा तो डोंगर बघून जो धक्का बसतो तो गुळगुळीत स्तूपाने बसत नाही. महाविहाराशी भांडून महासेनाने हा मुद्दाम त्यांच्याच हद्दीत बांधला, म्हणजे धर्म आणि राजकारण तेव्हाही गळ्यात गळे घालून.

संध्याकाळ: जिवंत शहर

चारनंतर आंघोळ करून स्वच्छ कपड्यात बाहेर पडा. सुरुवात थुपारामपासून, लंकेतला सगळ्यात जुना स्तूप, देवानंपिय तिस्स राजाने बांधलेला, बुद्धाच्या गळ्याच्या हाडाचा अंश आत आहे अशी श्रद्धा. आजचा घंटेसारखा आकार १८६२ च्या जीर्णोद्धारातला. भोवती वाकडेतिकडे झालेले बारीक खांब उभे आहेत ते एकेकाळच्या छपराचे.

मग चालत रुवन्वेलिसाय. दुट्टगामुणी राजाचा स्तूप, इ.स.पू. दुसरं शतक, आता शंभर मीटरच्या वर. राजा मरणाला टेकला तेव्हा काम अपुरं होतं, धाकट्या भावाने सगळ्या स्तूपाला पांढरं कापड गुंडाळून 'झालं पूर्ण' असं दाखवलं आणि राजाने पालखीतून शेवटचं बघितलं. आजही भाविक लांबच लांब कापड डोक्यावर धरून ढोल-सनईच्या गजरात स्तूपाला गुंडाळतात, कप्रुक पूजा म्हणतात तिला. मिरवणूक दिसली तर कापडाला हात लावायला बोलावतात, लाजू नका.

तिथून बोधिवृक्षाकडे जाणारा रस्ता लोवमहापायवरून जातो: १,६०० दगडी खांब, वर नऊ मजले आणि तांब्याचं छप्पर होतं असं महावंस म्हणतो. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघा.

बोधिवृक्षाला सिक्युरिटी चेक आहे, पुरुष-स्त्रिया वेगळी रांग. एलटीटीईच्या १९८५ च्या हल्ल्यात इथं आणि गावात मिळून १४६ माणसं मारली गेली, त्यामुळे बॅग उघडायला लावली तर कुरकुर नको. आत गेल्यावर बहुतेक जण भलत्याच झाडाला नमस्कार करतात, कारण खालच्या बाजूला मोठे मोठे पिंपळ आहेत. ते राखणदार. खरा वृक्ष सगळ्यात वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, बारीकसा, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेला. अशोकाची मुलगी संघमित्ता हिने बोधगयेहून आणलेली फांदी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात लावलेली, लावल्याचा इतिहास माहीत असलेलं इतकं जुनं झाड जगात दुसरं नाही. वर जाता येत नाही, पान तोडायचं तर नावच काढू नका, गळलेलं पान मिळालं तर नशीब.

आपला धागा इथं थेट जोडलेला आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष इथल्याच फांद्यांचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या. आणि ज्या धम्मसंगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या महासभेनंतर, महिंद लंकेला आला, त्याच संगीतीने महाधम्मरक्खित थेरांना महारट्ठात म्हणजे आपल्या महाराष्ट्रात पाठवलं असं महावंसात आहे, म्हणजे दोन्हीकडची सुरुवात एकाच बैठकीत ठरली. त्यामुळे संध्याकाळच्या पूजेला शेजारच्या आजीने "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं की आपल्याला पाठ असतंच, उच्चार थोडे वेगळे. पंचशील सोबत म्हणा, शेवटी "साधू, साधू, साधू". फुलं बाहेर मिळतात, कमळ नाहीतर निळं मानेल, कमळाच्या पाकळ्या हाताने मागे दुमडून ती उमलवून वाहतात, विकणारी बाई शिकवते.

दुसरा दिवस

सकाळी लवकर इसुरुमुनिया आणि शेजारची रन्मसु उयन, राजबाग. इसुरुमुनियात खडकावर पाण्यातून वर येणारे हत्ती कोरलेत, पाणी कमी असेल तर नुसते पाय बुडालेले दिसतात. प्रसिद्ध प्रेमी युगुलाचं शिल्प आतल्या छोट्या संग्रहालयात आहे. राजबागेत तर सकाळी चिटपाखरू नसतं, तळ्यांना पाणी तिस्स वेवातून यायचं, आणि त्या तलावात येतं कलावेवातून, ८५ किलोमीटरच्या वर लांब कालव्यातून, ज्याचा उतार पहिल्या टप्प्यात किलोमीटरला जेमतेम दहा सेंटीमीटर. पाचव्या शतकात धातुसेन राजाने केलेलं काम, आजही शेतीला पाणी देतं. बाग झाली की तिस्स वेवाच्या बंधाऱ्यावर चढा. स्तूप बांधायला पैसा कुठून आला याचं उत्तर त्या पाण्यात आहे: तलाव, भात, म्हणून राज्य.

दुपारी तीननंतर मिहिंतले, १३ किलोमीटर पूर्वेला, बस मिळते. १,८४० पायऱ्या, पण त्या रुंद आणि चढ सोपा, वर चाफ्याची झाडं दोन्ही बाजूंनी. ज्यांना नको त्यांना अर्ध्यापर्यंत गाडीरस्ता आहे. पायथ्याला जुन्या इस्पितळाचे अवशेष चुकवू नका, माणसाच्या आकाराची दगडी डोणी आहे, औषधी तेलाकाढ्यात रुग्णाला झोपवायची. वर अंबस्थल, जिथं महिंदाने शिकारीला आलेल्या राजाला आंब्याच्या झाडाबद्दल उलटसुलट प्रश्न विचारून त्याची अक्कल तपासली आणि मगच उपदेश केला. आराधना गला हा खडक मात्र अनवाणी चढायचा, कठडा धरून, वारा जोरात असतो, उंचीची भीती असेल तर महासेया स्तूपावरूनच सूर्यास्त बघा, तेवढाच सुंदर.

किरकोळ पण कामाचं

शाकाहारी असाल तर "उंबलकड नको" हे वाक्य पाठ करा, पोळ संबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या चटणीतही वाळक्या माशाचा चुरा असतो आणि त्यांच्या लेखी तो मासा नसतोच. राइस अँड करी घ्या, भात आणि चारपाच भाज्या, फणसाची भाजी मिळाली तर सोडू नका. मी किरी म्हणजे म्हशीचं दही मडक्यातलं, वर कितुल माडाची काकवी, आपल्या लोकांना हमखास आवडतं.

आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनपेक्षा थोडे जास्त रुपये येतात, किमती ऐकून दचकू नका. टुकटुकसाठी पिकमी ॲप, सिम एअरपोर्टवरच घ्या. कॅश ठेवा, फुलंवाल्या आणि सायकलवाल्याकडे कार्ड चालत नाही.

पुढे पोलोन्नरुवा किंवा सिगिरिया करायचं असेल आणि गाडी ठरवली असेल तर दुसऱ्या दिवशी सामान गाडीतच टाका, मिहिंतले शेवटी करा आणि तिथून परत गावात न येता हबरणाकडे निघा. फक्त मग तिथला सूर्यास्त सोडा आणि अंधार पडायच्या आत पोचा, त्या रस्त्यावर रात्री रानहत्ती येतात आणि ड्रायव्हर लोक तिथं हॉर्न वाजवत नाहीत, लाइट मंद करून थांबून राहतात, तेव्हा "चल ना बाबा पुढे" म्हणून त्याच्या मागे लागू नका.